सूर्य फुकट, खड्डा उधार

सौर प्रकल्पाच्या उद्घाटनात सगळ्यांत निरुपयोगी वस्तू कोणती असेल, तर ती मान्यवरांनी दाबायची कळ. ती दाबली जाते, टाळ्या पडतात, फोटो निघतात. मागच्या माळावरची पॅनेलं मात्र सकाळपासूनच कामाला लागलेली असतात. त्यांना ऊन लागतं, मान्यवर लागत नाहीत.

आता व्यासपीठाकडे बघा. ऊर्जा खातं बसलेलं असतं, वीज कंपनी बसलेली असते, विकासक, बँक, आमदार, माजी आमदार, होऊ घातलेला आमदार असे सगळे असतात. खड्डे खणणारा तेवढा नसतो. तो एव्हाना पुढच्या तालुक्यात पुढचे खड्डे खणत असतो. मागच्या खड्ड्यांचे पैसे यायचे राहिलेत, म्हणून मुकादमाची पाठ सोडता येत नाही.

सूर्य फुकट आहे हे आपल्याला प्रत्येक भाषणात सांगितलं जातं. खड्डा उधारीवर आहे हे कोणी सांगत नाही.

*

महाराष्ट्रात हा पसारा आता मोठा आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ साली. शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत, अर्धा मेगावॅटपासून २५ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उभे करायचे, अशी ही योजना. रात्री दोनला उठून, बॅटरी घेऊन, सापाला चुकवत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला ती चांगली आहे की वाईट, हे विचारायची गरज नाही. चांगलीच आहे. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा, तीन मेगावॅटचा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमहून पंतप्रधानांच्या हस्ते धोंदलगाव धरून पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं, एकूण १९ मेगावॅट.

मेगावॅट हे माप भाषणाला फार सोयीचं. आपण जरा गैरसोयीची मापं घेऊ.

तीन मेगावॅटचा एखादा प्रकल्प धरा. बाजारातलं नेहमीचं ५५० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटरपेक्षा लांब, एक मीटरपेक्षा रुंद आणि वजनाला २८ किलोच्या आसपास. दोन्ही बाजूंना काच असेल तर तिशीच्या पुढे. तीन मेगावॅटला अशी साधारण साडेपाच हजार पॅनेलं लागतात, म्हणजे दीडशे टन माल. तो ट्रकमधून उतरवायचा, ओळीपर्यंत न्यायचा, वर चढवायचा आणि सरळ रेषेत बसवायचा. हे काम दोन-दोन माणसं हातांनी करतात. एका पॅनेलला चार बोल्ट धरले तर बावीस हजार बोल्ट. त्याखालच्या आडव्या पर्लिनचे, तिरक्या राफ्टरचे, खांबांचे बोल्ट वेगळे. खांबांखालचे खड्डे वेगळे. वायरी पुरायला चर वेगळा. कुंपण, रस्ता, पावसाचं पाणी काढून द्यायची गटारं हे सगळं आणखी वेगळं.

या बावीस हजारांतल्या एकाही बोल्टमधून वीज जात नाही. जात असेल तर लांब उभे राहा.

थोडक्यात, प्रकल्प विजेचा म्हणून ओळखला जातो आणि बराचसा माती, सिमेंट, लोखंड आणि पान्याने उभा राहतो. वायर जोडणाऱ्याला परवाना लागतो, विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते, आणि लागायलाच हवी. खांब रोवणाऱ्याला काय लागतं? स्वतःची घमेली आणि ओळखीचा मुकादम.

*

आधी खड्डा.

ड्रॉइंग शहरातल्या थंड खोलीत तयार होतं. त्यात जमीन सपाट असते, एकसारखी असते आणि स्वभावाने शांत असते. खड्ड्याची खोली सगळीकडे एकच लिहिलेली असते. आपल्या माळाने ते ड्रॉइंग वाचलेलं नसतं. एका कोपऱ्यात काळी माती, मध्ये मुरूम आणि पलीकडे दोन फुटांवर कातळ, हे एकाच गटात सापडतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात रोवलेल्या खांबाला दरवर्षी थोडं थोडं हलवून बघते. कातळात खोदायचं यंत्र किर्र आवाज करून थांबतं. मग मुकादम म्हणतो, “दगड लागलाय साहेब, आता हा खांब काय हलतोय!” साहेबांना जेवायला जायचं असतं. खड्डा तेवढ्यावर भरला जातो.

बिलात तो पूर्ण खोलीचा असतो. खड्ड्यांचं हे एक वैशिष्ट्यच आहे. काँक्रीट ओतल्यावर सगळे खड्डे सारख्याच खोलीचे होतात.

यावर इलाज आहे. जमिनीत रोवलेला खांब यंत्राने वर ओढायचा आणि किती जोराला तो हलतो ते मोजायचं, अशी चाचणी असते. नियमाप्रमाणे ती होतेही. फक्त चाचणीचा खांब कुठे रोवायचा हे ज्याची चाचणी तोच ठरवतो, आणि तो रस्त्यालगतचा छान घट्ट मुरूम शोधून काढतो. परीक्षार्थ्याने स्वतःच प्रश्न निवडायचे म्हटल्यावर निकाल शंभर टक्केच लागणार.

मग काँक्रीट. त्याला पाणी मारावं लागतं, दिवस द्यावे लागतात. सिमेंटला आर्थिक वर्ष कळत नाही, हा त्याचा मोठाच दोष. ३१ मार्चच्या आत काम दाखवायचं असेल तर काल ओतलेल्या काँक्रीटवर आज खांब आणि परवा पॅनेल चढतं. त्यातून तालुका दुष्काळी. प्यायला टँकर, तिथे खांबाच्या पायाला पाणी कोण मारणार?

आणि हे सगळं कशासाठी करायचं असतं, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. पॅनेलचं वजन पेलायला एवढा खोल खड्डा लागतो, अशी समजूत आहे. वजन तर साधा पायाही पेलेल. खड्डा हवा वाऱ्यासाठी. तिरक्या पॅनेलच्या पोटाखाली वारा शिरला की तो पॅनेलला दाबण्याऐवजी वर उचलतो. भर पावसात उलटी झालेली छत्री ज्याने हातात धरली आहे, त्याला हे समजवायला इंजिनिअर नको. पॅनेलची छत्री अडीच चौरस मीटरची, आणि अशा हजारो एकमेकींना बांधलेल्या.

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा वेग शहरागणिक लिहून ठेवला आहे. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला आणि नागपूरला ४४ मीटर. तासाच्या हिशेबात पुण्याचा वारा १४० किलोमीटरचा आणि नागपूरचा १५८ किलोमीटरचा धरून काम करायचं असतं. असा वारा रोज येत नाही. पंचवीस वर्षांत एखाद्या दुपारी आला तर येतो. वळवाचा पाऊस, गारा, अर्ध्या तासाचा तमाशा. त्या अर्ध्या तासासाठी खड्डा असतो, आणि त्याच अर्ध्या तासावर ठेकेदार पैज लावतो. पैज त्याची, पॅनेलं गावाची.

*

आता लोखंड.

कागदावर लोखंडाची काळजी उत्तम घेतलेली असते. सांगाड्यावर जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन हवा, नटबोल्ट स्टेनलेस हवेत. जस्ताचा हा थर कारखान्यात, वितळलेल्या जस्तात बुडवून चढवतात. तो गंजाला पंचवीस वर्षं थोपवेल अशी अपेक्षा असते. माल साइटवर येतो. भोकं जुळत नाहीत. मग ग्राइंडर निघतो, ड्रिल निघतं, कारखान्याने चढवलेला थर अर्ध्या मिनिटात निघतो, आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर चंदेरी रंगाचा फवारा मारला जातो. लांबून तो जस्तासारखाच दिसतो. फोटोत तर जस्तापेक्षा चांगला दिसतो.

तपासायला येणारे साहेबही फोटोच बघतात, त्यामुळे या व्यवहारात कोणाचीच फसवणूक होत नाही. फसतो तो फक्त सातव्या पावसाळ्यात सांगाडा बघणारा सरपंच, आणि तो तेव्हा निवडून आलेला नवा असतो.

कोकणात आणि गोव्यात समुद्राची हवा या फवाऱ्याची वाट बघतच बसलेली असते. तिथे तीन पावसाळेही पुरतात.

बोल्टची गोष्ट याहून गमतीची. तो किती आवळायचा याचं माप ठरलेलं असतं. कमी आवळला तर वाऱ्याने हलून हलून सैल होतो. जास्त आवळला तर पॅनेलची चौकट वाकते, काचेवर ताण येतो. म्हणून माप दाखवणारा पाना मिळतो, टॉर्कचा. साइटवर तो असतो का? असतो. पेटीत असतो. पेटी स्टोअरमध्ये असते. स्टोअरची किल्ली सुपरवायझरकडे असते आणि सुपरवायझर दुसऱ्या साइटवर असतो. तोवर काम “हाताच्या अंदाजाने” चालतं. सकाळच्या हाताचा अंदाज वेगळा, संध्याकाळच्या दमलेल्या हाताचा वेगळा, आणि शनिवारी पगार न झालेल्या हाताचा तर फारच वेगळा.

वरच्या ओळीचा बोल्ट आवळायला हात पोचत नसला की माणूस पॅनेलवर पाय देतो. काच फुटत नाही, त्यामुळे काही झालं नाही असं सगळे मानतात. आतल्या सिलिकॉनच्या चकत्यांना केसाएवढे तडे गेलेले डोळ्यांना दिसत नाहीत. ते दोन-चार वर्षांनी कमी युनिटांत दिसतात. तेव्हा धुळीला दोष देता येतो.

*

शहरवाले हसू नका. तुमची गच्ची येतेच आहे.

पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. तिच्यात घरमालकांबरोबर गृहनिर्माण सोसायट्यांनाही अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये, ५०० किलोवॅटच्या मर्यादेत. म्हणजे गावाला माळ आणि सोसायटीला गच्ची. सामाईक जागेचे दोन्हीकडे सारखेच हाल.

विशेष सर्वसाधारण सभा भरते. दीड तास पुढील विषयांवर चर्चा होते: पॅनेल कोणत्या देशाचं, इन्व्हर्टर कोणत्या कंपनीचा, मोबाइलवर युनिट दिसतील का, आणि वरच्या मजल्यावरच्यांना जास्त फायदा कसा काय. सांगाडा या विषयावर एकच प्रश्न येतो. “उंच बसवता येईल का हो? खाली कोजागरीला बसता आलं पाहिजे.”

येतं की. पैसे दिले तर दहा फूटही येतं. जितकं उंच, तितका वारा जास्त, तितकं लोखंड जास्त आणि तितका गच्चीवर भार जास्त. पण सभेत वारा सभासद नसल्याने त्याचं मत कोणी घेत नाही. वर्षातून एका रात्रीच्या मसाला दुधासाठी उरलेल्या ३६४ रात्री सांगाडा हवेत उभा राहतो.

मग तो गच्चीला धरायचा कसा? इथे खरी मौज आहे. आपल्या गच्चीवर वर दिसते ती फरशी, तिच्याखाली ब्रिकबॅट कोबा, आणि त्याच्याही खाली स्लॅब. कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट. तो पाणी अडवायला असतो, वाऱ्याला अडवायला नसतो. बोल्ट कोब्यातच संपला तर वादळात तो विटांच्या तुकड्यांसकट बाहेर येईल. स्लॅबपर्यंत नेला तर पाणी अडवणारा थर फुटतो, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांच्या हॉलमध्ये आषाढात थेंब पडतो. काका मग सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्यनमस्काराऐवजी ओल्या छताचा फोटो टाकतात.

भोक पाडायचं नसेल तर सिमेंटचे ठोकळे ठेवून सांगाडा दाबून धरतात. ठोकळ्यांचं वजन कोण मोजणार? इमारत चाळीस वर्षांची. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेलीची दर तीन वर्षांनी संरचना तपासणी करायची असते. “झालीय का?” असं विचारलं की सेक्रेटरी खजिनदाराकडे बघतात, खजिनदार चेअरमनकडे बघतात आणि चेअरमन पुढचा विषय घेतात.

ठेकेदार मात्र हसतमुख असतो. “काळजीच करू नका, पंचवीस वर्षांची वॉरंटी आहे!” आहे ना. पॅनेलच्या वीजनिर्मितीची आहे. पॅनेल बनवणाऱ्याने ती दिली आहे. तुमच्या गच्चीत मारलेल्या बोल्टची, फुटलेल्या कोब्याची आणि गंजलेल्या कोपऱ्याची वॉरंटी कोणाची आहे, हे विचारलं की त्याला फोन येतो. त्या फोनवर तो बोलत बोलत जिना उतरतो.

*

आता माणूस. त्याला शेवटी घेतलं, कारण पद्धतच तशी आहे.

केंद्र सरकारने २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ तयार करायला घेतले. ६०० तासांचं निवासी प्रशिक्षण, २०२० च्या मार्चपर्यंत ५०,००० जणांचं लक्ष्य. चांगली कल्पना. प्राधान्य आयटीआयवाल्यांना, इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर वगैरे. हरित रोजगारांच्या कौशल्य परिषदेने पुढे कामांचे प्रकार पाडले, त्यांत ‘सोलर पीव्ही इन्स्टॉलर – सिव्हिल’ असा स्वतंत्र प्रकार आहे. म्हणजे पाया, सांगाडा आणि पॅनेल बसवणं हे शिकायचं आणि शिकवायचं काम आहे, हे दिल्लीला मान्य आहे. दिल्लीहून साइटपर्यंत येताना ही मान्यता कुठे उतरते कळत नाही. साइटवर पोचतो तो “चार पोरं पाठव” एवढा निरोप.

कामाची उतरंडही बघण्यासारखी. विकासक काम देतो ईपीसी कंपनीला, म्हणजे आराखड्यापासून उभारणीपर्यंत सगळं अंगावर घेणारीला, ती देते सिव्हिल ठेकेदाराला, तो देतो मुकादमाला, मुकादम देतो खड्ड्याच्या भावाने टोळीला. प्रत्येक पायरीवर थोडं सिमेंट कमी होतं. पैसे वरून खाली येताना प्रत्येक स्टेशनावर थांबतात. जबाबदारी मात्र थेट गाडीने येते. पॅनेल पडलं तर चूक कोणाची? पोरांची.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ सालीच कायदा झाला, राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आहे. नोंदणीसाठी अट एकच मोठी: मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. आमचा खड्डेवाला वैजापुरात तीन आठवडे, मग अकोल्यात पंधरवडा, मग कर्नाटकाच्या सीमेवर, असा फिरतो. ९० दिवस त्याचे कधीच भरून गेलेले असतात, पण पाच मुकादमांत वाटलेले. दाखला मागितला की प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडे कुठे होतास तू?

सुरक्षेचंही तसंच. गच्चीच्या कडेला काम करणाऱ्याला कमरेचा पट्टा दिला जातो. पट्टा पिवळा असतो, नवा असतो, फोटोत उठून दिसतो. पट्ट्याचा हूक कशाला अडकवायचा, याची सोय नसते. तो माणूस हूक स्वतःच्याच पट्ट्यात अडकवतो आणि कठड्यावर उभा राहतो. पडलाच तर पट्ट्यासकट पडेल, एवढीच काय ती नियमाची पूर्तता.

आणि ऊन! सौर प्रकल्पाची जागा निवडतानाच सावली नसलेली निवडतात. आधी माळावरची बाभळ तोडतात. एप्रिल-मेमध्ये काम जोरात, कारण पावसाआधी संपवायचं. तापलेली चौकट हाताला भाजते. पाण्याचा जार सुपरवायझरच्या गाडीत, गाडी सावलीत, सावली दीड किलोमीटरवर. महाराष्ट्रात सूर्याची ऊर्जा पहिल्यांदा कोण साठवतो, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला तर उत्तर बॅटरी लिहू नका.

*

प्रकल्प उभा राहिला की गावाचा होतो म्हणतात. तपासून बघू.

जमीन गावाची. खासगी असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. हा व्यवहार शेतकऱ्याला बरा आहे, त्यात वाकडं बोलायचं कारण नाही. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, अशी तीन वर्षं. करार २५ वर्षांचा. म्हणजे तीन वर्षं सत्कार आणि बावीस वर्षं गवत.

गवत हा सौर प्रकल्पाचा कायमचा सभासद आहे. ते वाढलं की सावली पडते, वाळलं की पेटतं, आणि दाट झालं की त्यात साप राहायला येतात. पॅनेल धुवायला पाणी लागतं. बोअरचं जड पाणी काचेवर वाळलं की पांढरा थर धरतो, मग धुतलेलं पॅनेल न धुतलेल्यापेक्षा वाईट. दर वर्षी पावसाळ्याआधी बोल्ट तपासायचे, गंज खरवडायचा, कुंपण सावरायचं, गटार उपसायचं. यातलं एकही काम करायला इंजिनिअर लागत नाही आणि एकही काम इंजिनिअरच्या लॅपटॉपवरून होत नाही. गावातलीच माणसं लागतात, शिकवलेली, पगारी. प्रत्यक्षात प्रकल्प गावात असतो आणि फाटकाची किल्ली पुण्यात.

बिहारमधल्या जेहानाबाद जिल्ह्यातल्या धरणई गावाने हे नाटक आधीच करून दाखवलं आहे. २०१४ साली तिथे ग्रीनपीसच्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प झाला. देशभर बातम्या झाल्या. लोकांनी “खरी वीज द्या” म्हणून घोषणाही दिल्या, कारण सौर वीज महाग पडत होती आणि तिच्यावर फ्रिज चालवायचा नाही अशी अट होती. पुढे तारेची स्वस्त वीज आली, इकडे बॅटऱ्या संपल्या, आणि प्रकल्पाच्या जागेत गुरं बांधली जाऊ लागली. सूर्य त्या सर्व काळात नेमाने उगवत होता. त्याच्याविरुद्ध कोणाचीही तक्रार नाही.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने उलटा धडा घालून दिला. तिथल्या शेतकऱ्यांनी २०१५ साली सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. उन्हावर पंप चालवायचा आणि उरलेली वीज कंपनीला विकायची. युनिटचे पैसे खात्यात येतात म्हटल्यावर पॅनेल पुसायला शासन निर्णय लागत नाही. सहकाराचं माहेर म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने हे वाचून किंचित खजील व्हायला हरकत नाही. आपल्याकडे कारखाना सहकारी, दूध सहकारी, बँक सहकारी. सूर्य तेवढा निविदेने दिला.

*

आता उपाय. टवाळी फुकट असते, उपायाला पैसे पडतात, म्हणून मोजकेच सांगतो.

गावात: खांब ओढून बघायची चाचणी ग्रामसभेने दाखवलेल्या जागी, ग्रामसभेसमोर व्हावी. जागा दाखवायला गावातला सगळ्यांत खडूस म्हातारा पाठवावा, त्याला कुठली जमीन कशी आहे ते पक्कं ठाऊक असतं. काँक्रीट ओतायच्या आधी खड्ड्यात टेप सोडलेला फोटो मागावा, प्रत्येक खड्ड्याचा. गवत, धुणं आणि बोल्ट तपासणी यांचा करार गावातल्या बचत गटाशी किंवा तरुणांशी करावा, आणि तो तीन नव्हे, पंचवीस वर्षांचा. पाच लाखांतली पहिली खरेदी कमानीची नसावी. माप दाखवणारा पाना घ्यावा.

सोसायटीत: पैसे देण्याआधी संरचना अभियंत्याची सही घ्यावी. बोल्ट स्लॅबमध्ये आहे की कोब्यात, हे लेखी घ्यावं. गळतीची जबाबदारी करारात लिहून घ्यावी, वर्षांसकट. आणि काम करणाऱ्याचा पट्टा कशाला बांधलाय हे चेअरमनने एकदा गच्चीवर जाऊन बघावं. लिफ्ट आहे.

सरकारने: निविदेत सांगाडा बसवणाऱ्या टोळीतले किमान काही जण ‘सिव्हिल’चं प्रशिक्षण घेतलेले असावेत अशी अट घालावी. मजुरी थेट खात्यात गेल्याचा कागद आल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. ९० दिवसांचा दाखला मुकादमाऐवजी मुख्य कंपनीने द्यावा. योजनेच्या पोर्टलवर मेगावॅट दिसतात, तसा थकीत मजुरीचा रकानाही दिसू द्यावा.

यातल्या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही. एक टेप, एक पाना, एक दोरी आणि वेळेवर मजुरी, एवढंच लागतं. अब्जावधींच्या योजनेला हे परवडणार नसेल, तर पहिल्या मोठ्या वादळानंतरचा खर्च कसा परवडणार, याचाही हिशेब आत्ताच मांडून ठेवावा.

तुमच्या गावात किंवा गच्चीवर सौर प्रकल्प येत असेल तर किती युनिट मिळणार हे शेवटी विचारा. आधी विचारा की खड्डा कोणी मोजला, बोल्ट कोणी आवळला आणि त्या दोघांचे पैसे चुकते झाले का. या तीन प्रश्नांना उत्तर देताना ठेकेदाराला फोन आला, तर करारावर सही करू नका.